तंजावरचा लांबलेला मुक्काम : मे १९९१

आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, प्रवासात खर्चाची वही ठेवण्याची सवय होती. रात्री मेळ घातल्याशिवाय त्यांना झोप येत नसे, आणि आकड्यांच्या शेजारी एखादी ओळ लिहिल्याशिवाय मेळ पुरा झाला असे वाटत नसे. ते गेल्यावर कपाट आवरताना १९९१ च्या दक्षिणेच्या सहलीची वही हाती लागली. त्या सहलीत आम्ही पाच जण होतो: नाना, आई, मी, माझी पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी. तिच्या मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवड्यांचा कार्यक्रम आखला होता. वहीवरून आणि आठवणीवरून त्या दिवसांचा क्रम इथे लावत आहे.

१५ ते १८ मे

पुण्याहून मद्रासला जाणे, तिथे समुद्र पाहणे, नारळ विकत घेणे आणि उन्हाने हैराण होणे यात नवीन काही नाही, म्हणून ते सोडून देतो. १७ तारखेला सहलीच्या बसने कांचीपुरम केले. जाताना बस चहासाठी श्रीपेरुंबुदूरला थांबली. रामानुजाचार्यांचे हे जन्मगाव, एवढीच त्याची माहिती आम्हाला होती, आणि आईने त्या दिशेला हात जोडले. वहीत ‘श्रीपेरुंबुदूर, चहा ५, केळी’ एवढेच आहे.

निवडणुकीचे दिवस होते. भिंत रंगवावी तर तमिळ लोकांनीच, असे त्या चार दिवसांत आमचे मत झाले. द्रमुकचा उगवता सूर्य, अण्णा द्रमुकची दोन पाने आणि काँग्रेसचा हात ही तीन चिन्हे विटेच्या प्रत्येक इंचावर होती, आणि चौकाचौकांत नेत्यांचे तीन-तीन मजली लाकडी पुतळे रंगवून उभे केले होते. राज्यात त्या वेळी राष्ट्रपती राजवट होती. करुणानिधींचे द्रमुक सरकार जानेवारीच्या अखेरीस बरखास्त झाले होते, आणि श्रीलंकेत वेगळ्या राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांच्या सशस्त्र संघटनेला या सरकारने मोकळे रान दिले, हा त्यामागचा मुख्य आरोप होता. आधीच्या वर्षी जूनमध्ये पद्मनाभ या श्रीलंकेतील प्रतिस्पर्धी तमिळ गटाच्या नेत्याची त्याच्या साथीदारांसह वाघांनी खुद्द मद्रासमध्ये हत्या केली होती. ही पार्श्वभूमी मला वर्तमानपत्रांतून ठाऊक होती, पण मराठी माणसाला ठाऊक असते तितपतच.

रविवार, १९ मे, रामेश्वर

एग्मोरहून रात्रीची गाडी धरून रामेश्वरला आलो. मंडपम स्टेशनाच्या पुढेमागे श्रीलंकेतून आलेल्या निर्वासितांची छावणी आहे. वाळत घातलेली लुगडी आणि कौलांच्या लांब ओळी गाडीतून दिसल्या. समोरच्या बाकावरच्या एका प्रवाशाने सांगितले की ही माणसे नावांतून येतात, रात्री, आणि पोचली तरच येतात. ‘पोचली तरच’ हे शब्द त्याने दोनदा उच्चारले.

पांबनच्या खाडीवरचा तेव्हाचा रेल्वेचा पूल १९१४ सालचा होता. त्याच्या शेजारून जाणाऱ्या मोटारींच्या पुलाचे उद्घाटन राजीव गांधींच्या हस्ते २ ऑक्टोबर १९८८ रोजी झाले होते, आणि त्याला इंदिराजींचे नाव दिले होते. आम्ही संध्याकाळी मुद्दाम रिक्षाने त्या पुलावर गेलो. वारा असा की मुलीच्या डोक्यावरची टोपी खाडीत गेली. वहीत ‘टोपी १२, गेली’ अशी नोंद आहे.

२० तारीख रामेश्वर ते मदुरेच्या प्रवासात गेली. त्याच दिवशी देशाच्या काही भागांत मतदानाची पहिली फेरी पार पडली. उरलेले मतदान २३ आणि २६ तारखेला व्हायचे होते.

मंगळवार, २१ मे, मदुरे ते तंजावर

सकाळी मीनाक्षीचे दर्शन घेऊन दुपारच्या बसने त्रिचीमार्गे तंजावरला निघालो. तमिळ लोक ज्याला कत्तिरी ऊन म्हणतात ते ऐन भरात होते, आणि बसच्या पत्र्याला हात लागत नव्हता. तंजावरला पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले. राजवाड्यापासून फार लांब नसलेल्या एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. लॉजचा मॅनेजर चाळिशीचा, मोडके हिंदी आणि बरे इंग्रजी बोलणारा गृहस्थ होता. आम्ही महाराष्ट्रातले हे कळल्यावर तो खुलला. त्याचा धाकटा भाऊ मुंबईत धारावीत इडलीचे दुकान चालवत होता. लॉजच्या आवाराच्या भिंतीवर रस्त्याच्या बाजूने चांगला सहा हात रुंद उगवता सूर्य रंगवला होता. मॅनेजरने तो अभिमानाने दाखवला आणि भिंत स्वतःहून दिली, भाडे घेतले नाही, असे सांगितले.

नानांनी दहा वाजता वही मिटली. त्यानंतर वीस मिनिटांच्या आत, आम्ही चार दिवसांपूर्वी चहा प्यायलो त्या गावी, राजीव गांधींची हत्या झाली.

बुधवार, २२ मे

पहाटे पाचच्या सुमारास आईने मला उठवले. खाली कुणाचा तरी रेडिओ मोठ्याने चालू होता आणि बातम्या नव्हत्या, नुसते तंतुवाद्य वाजत होते. आई म्हणाली, “अरे, इंदिराबाई गेल्या तेव्हा असंच वाजत होतं.” मी खाली गेलो. व्हरांड्यात सात-आठ माणसे रेडिओभोवती उभी होती, कुणी बसलेले नव्हते. मॅनेजरने माझ्याकडे पाहून इंग्रजीत एवढेच सांगितले की राजीव गेले, बाँब होता, मद्रासजवळ.

वर येऊन मी नानांना सांगितले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मी कधी विसरलो नाही. कसे झाले, कुठे झाले, यातले त्यांनी काही विचारले नाही. ते म्हणाले, “कोणी मारलं?” मी सांगितले की कळलेले नाही. तेव्हा ते उठून बसले आणि म्हणाले, “कळायच्या आत सामान बांधून ठेव.”

हा प्रश्न कुठून आला ते आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला तेव्हा नाना तेरा वर्षांचे होते आणि सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत होते. मारणारा कोण हे कळले, त्याची जात कळली, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कित्येक गावांत ब्राह्मणांची घरे पेटली. आमचे घर त्यात गेले. आमच्याकडे त्याला ‘अठ्ठेचाळीसचे जळीत’ म्हणतात, आणि एखाद्या लग्नाचे किंवा दुष्काळाचे साल सांगावे तसे त्याचे साल सांगतात. नानांच्या आईला आणि भावंडांना शेजारच्या मराठा घराने दोन रात्री धान्याच्या कोठारात लपवले होते. त्या घरचे आजही आमच्याकडे कार्याला येतात. नाना गांधीजींविषयी कधी वाकडा शब्द बोलले नाहीत आणि मारणाऱ्याविषयी चांगला शब्द बोलले नाहीत. मात्र एखाद्या मोठ्या माणसाचा खून झाला की मेलेल्याकडे आधी पाहायचे की मारणाऱ्याच्या नावाकडे, हे त्यांच्यापुरते १९४८ साली ठरून गेले होते.

त्या सकाळी तंजावरात तोच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता, तमिळमध्ये. ‘यार?’ म्हणजे कोण. तमिळ येत नसूनही तासाभरात तो एक शब्द आमच्या कानांना ओळखीचा झाला. कुणी म्हणे पंजाबचे अतिरेकी, कुणी म्हणे आसामचे, कुणी परदेशाचे नाव घेई. तमिळ वाघांचे, म्हणजे एलटीटीईचे नाव मात्र लोक आवाज उतरवून घेत. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि वाघांशी लढताना सुमारे बाराशे जवान गमावून मार्च १९९० मध्ये परतली. कराराच्या वेळी कोलंबोत मानवंदना स्वीकारताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला होता, ते छायाचित्र सर्वांना आठवत होते. राग सिंहलींचाही होता आणि वाघांचाही. ‘सिंहली असला तर बरे,’ असे एक पाहुणा अगदी स्पष्ट म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्याचा अर्थ उपस्थितांपैकी कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

सातच्या सुमारास मी दूध पाहायला बाहेर पडलो. दूध नव्हते. दुकानांच्या फळ्या बंद, रस्त्यावर सायकलीसुद्धा तुरळक. लॉजच्या भिंतीशी मॅनेजर आणि एक पोरगा चुन्याची बादली घेऊन उभे होते. उगवत्या सूर्यावर चुना चालला होता. ज्यांनी घर रंगवले आहे त्यांना ठाऊक असेल की चुना ओला असताना पांढरा दिसत नाही, तो पाण्यासारखा पारदर्शक असतो आणि वाळेल तसा उजळतो. मॅनेजरच्या ते ध्यानात येत नव्हते. एक हात मारून झाला तरी चुन्याखालून तांबडा सूर्य किरणांसकट जसाच्या तसा दिसत होता, म्हणून तो पोरावर ओरडून दुसरा हात मारायला लावत होता, आणि दुसऱ्या हाताने भिंत आणखी ओली होऊन सूर्य अधिकच लखलखीत होत होता. मी त्याला थांबायला सांगितले, अर्ध्या तासात पांढरे होईल म्हणालो. तो म्हणाला, “सर, अर्धा तास आहे कुणाकडे?”

त्याचे खरे होते. द्रमुकने वाघांना आश्रय दिला आणि म्हणून हे घडले, असे समीकरण कुणी सिद्ध करण्याची वाट न पाहता राज्यभर मांडले गेले होते. नऊच्या सुमारास पन्नास-साठ माणसांचा जमाव आमच्या रस्त्याने गेला. त्यांनी कोपऱ्यावरचा काळा-तांबडा झेंडा असलेला खांब हलवून हलवून पाडला, एका नेत्याच्या लाकडी पुतळ्याला आग लावली आणि बंद दुकानांच्या फळ्यांवर काठ्या मारीत ते पुढे गेले. आमच्या भिंतीजवळ दोघे थबकले. चुना तोवर बऱ्यापैकी वाळला होता. एकाने भिंतीला बोट लावून पाहिले, बोट पांढरे झाले, ते त्याने लुंगीला पुसले आणि तो निघून गेला. आम्ही हे वरच्या खिडकीच्या फटीतून पाहत होतो. नानांनी मुलीला खिडकीपासून ओढून घेतले होते. स्वतः मात्र ते हलले नाहीत.

दुपारी मॅनेजर वर आला. लॉजच्या स्वयंपाकघरात तांदूळ आणि ताक आहे, तेच सर्वांना मिळेल, असे सांगण्याचे निमित्त होते. मग तो दारातच घुटमळला आणि नानांना, वयाने मोठे म्हणून असेल, हात जोडून विचारू लागला की मारणारा तमिळ निघाला तर मुंबईत आमच्या माणसांना काही होणार नाही ना. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे काय झाले ते त्याने वाचले होते. पाण्यात विष कालवल्याची, पंजाबातून प्रेतांनी भरलेली आगगाडी आल्याची अफवा कशी पसरवली गेली हेही त्याला ठाऊक होते. शिवाय धारावीतल्या त्याच्या भावाचे सासरे साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईतच होते. मद्राशांविरुद्धच्या घोषणा आणि फोडलेली उडुपी हॉटेले यांच्या गोष्टी त्या घरात आमच्या जळितासारख्याच सांगितल्या जात असणार.

मराठी माणूस म्हणून मला त्या क्षणी जे वाटले ते लिहायला आजही जड जाते. काही होणार नाही, असे मी चटकन म्हणालो. नाना मात्र बराच वेळ गप्प राहिले आणि मग इंग्रजीत म्हणाले की पत्ता लिहून द्या. मॅनेजरने पावती-पुस्तकाच्या पाठीमागे पत्ता लिहून दिला. तो कागद वहीत अजून आहे.

त्या दिवशीच्या पानावर खर्च असा: ‘दूध, नाही. वृत्तपत्र, नाही. ताकभात ५ माणसे, पैसे घेतले नाहीत.’

गुरुवार, २३ मे

आदल्या संध्याकाळी काँग्रेस कार्यकारिणीने सोनिया गांधींची पक्षाध्यक्ष म्हणून निवड केली होती, आणि या दिवशी त्यांनी ते पद नाकारल्याचे कळले. लॉजमध्ये अडकलेले आम्ही सगळे एव्हाना एका कुटुंबासारखे झालो होतो. कोइमतूरचा एक सुताचा व्यापारी, नागपट्टणमला बदलीवर निघालेला एक बँक कर्मचारी, आणि वेलांकण्णीच्या यात्रेला निघालेले केरळचे एक वृद्ध जोडपे अशी ही मंडळी. व्हरांड्यात बसून देशाचे काय होणार याची चर्चा चाले. दीड वर्षात देशाने तीन पंतप्रधान पाहिले होते. चंद्रशेखर यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला होता आणि ते काळजीवाहू होते. पंजाब, काश्मीर, आसाम धुमसत होते, आणि मंडल व अयोध्येच्या जखमा ताज्या होत्या. आता मतदानाचे उरलेले टप्पे पुढे ढकलून जूनच्या मध्यावर नेल्याची बातमी आली. व्यापारी म्हणाला की जूनमध्येही होणार नाहीत, लष्कर येईल. बँकवाला त्याच्यावर उखडला. आपल्याकडे लष्कर येत नाही, येते ती टंचाई, असे त्याचे म्हणणे होते. सरकारी तिजोरीतले परकीय चलन संपत आले आहे, सोने बाहेर विकायला काढले आहे, असे तो सांगू लागला तेव्हा आम्हाला ती अफवाच वाटली. पुढे कळले की खरोखरच त्या मे महिन्यात वीस टन सोने परदेशी बँकेला विकले गेले होते, आणि जुलैत आणखी सत्तेचाळीस टन गहाण पडले.

आमची स्वतःची अस्थिरता अधिक साधी होती. पैसे आम्ही प्रवासी धनादेशांच्या रूपाने आणले होते आणि बँका बंद होत्या. नानांच्या मेळाप्रमाणे खिशात चारशे दहा रुपये शिल्लक होते. एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली माणसांची रांग रस्त्यावर आली होती. पत्नी दीड तास रांगेत उभी राहून पुण्याला फोन लावून आली. लाइन लागली आणि कटली. तेवढ्यात तिच्या भावाने ‘तुम्ही कुठे’ विचारले होते आणि तिने ‘तंजावर’ म्हटले होते, एवढ्यावर दोन्हीकडच्यांनी समाधान मानले.

संध्याकाळी जरा सैल झाले. शेजारच्या गल्लीतून एक वृद्ध गृहस्थ आम्हाला शोधत आले. लॉजमध्ये देशाकडचे मराठी लोक अडकले आहेत असे त्यांच्या कानावर गेले होते. इथल्या मराठी घराण्यांतल्या लोकांना सारे ‘रायर’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांची मराठी आम्हाला कळायला दोन मिनिटे लागली. शब्द जुने आणि चाल तमिळ, जणू बखरीतले कुणी कावेरीकाठच्या सुरात वाचून दाखवत आहे. त्यांनी घरून डबा आणला होता. आम्हाला घेऊन ते मोठ्या देवळाकडे निघाले. वाटेत कल्लणैचा कालवा कोरडा ठणठणीत होता. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याची रीत आहे, तोवर त्यात मुले क्रिकेट खेळतात. त्या दिवशीही खेळत होती, आणि दोन दिवसांत प्रथमच मोठ्याने आरडाओरडा ऐकून बरे वाटले.

राजराज चोळाचे हे देऊळ १०१० च्या सुमाराचे. त्याच्या आवाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. देवनागरी अक्षरांच्या ओळीमागून ओळी, माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेल्या. मुलीने बोट ठेवून ‘म... हा... रा... ज’ असे वाचायला सुरुवात केली आणि रायरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या नातवंडांना ही अक्षरे येत नव्हती. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि सरफोजींनी १७९९ साली राज्यकारभार कंपनी सरकारच्या हवाली केला. त्यानंतर चारच वर्षांनी, हातात सत्ता नसताना, त्यांना हा लेख कोरावासा वाटला. नानांनी रायरांना विचारले की सव्वातीनशे वर्षांत तुम्हाला इथे परके म्हणून कुणी त्रास दिला का. रायर म्हणाले, नाही. मग थोडे चालून गेल्यावर म्हणाले की काल सकाळी मात्र रेडिओ ऐकल्यावर आधी देवाला हात जोडले, मारणारा मराठी नसावा म्हणून.

नाना जागच्या जागी थांबले. तंजावरच्या मराठ्याच्या मनात हे का यावे, हे मला आधी उमगेना. पण १९४८ साली रायर तिशीत होते आणि तेव्हा पेपरांत छापून आलेले आडनाव मराठी होते. सातशे मैलांवर, गांधीजींना मारणाऱ्याशी भाषेपलीकडे काही संबंध नसताना, त्यांच्या वडिलांनी आठवडाभर घराबाहेर मराठीत बोलायला बंदी केली होती. प्रत्यक्षात काहीच घडले नाही. नाना आणि रायर मग नंदीच्या सावलीत बराच वेळ बसून राहिले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. आम्ही जरा दूर उभे होतो.

शुक्रवार, २४ मे

दिल्लीतल्या अंत्ययात्रेचे थेट प्रक्षेपण होते. लॉजचा दूरदर्शन संच व्हरांड्यात आणला होता, आणि गल्लीतले पाऊणशे लोक तरी अंगणात जमले होते. तीन मूर्ती भवनातून निघून यमुनाकाठी पोचेपर्यंतचे ते तास फार शांततेत गेले. ज्यांनी दोन दिवसांपूर्वी काठ्या आपटल्या होत्या त्यांतलेही काही तिथे असतील. राहुलने अग्नी दिला तेव्हा बायका मोठ्याने रडल्या. वीस वर्षांच्या पोराकडे आणि काळा चष्मा लावून उभ्या असलेल्या त्या आईकडे पाहून त्यांना काय आठवत असेल ते त्याच जाणोत. कोइमतूरचा व्यापारी, जो राजीव गांधींना दोन दिवस नावे ठेवत होता, तोच सर्वांआधी उभा राहिला. परदेशी पाहुण्यांत बेनझीर भुट्टो दिसल्या. सोळा वर्षांनी रावळपिंडीतून त्यांच्या हत्येची बातमी आली तेव्हा मला ते तंजावरचे अंगण आणि संचावरची ती थरथरणारी चित्रे आठवली.

तोवर एवढे स्पष्ट झाले होते की हार घालायला आलेल्या एका बाईने अंगाला बांधलेला बाँब उडवला आणि तिच्यासकट आसपासची माणसे गेली. राजीव गांधींबरोबर आणखी किमान चौदा जण मेले होते. त्यांतल्या हरिबाबू नावाच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा शाबूत राहिला, आणि त्यातल्या चित्रांवरून तपासाचा धागा पुढे वाघांपर्यंत गेला, हे नंतरचे. त्या दिवशी अंगणात मात्र ‘बाई’ या शब्दापाशी सगळे अडले होते. बाई असे कसे करील, हे पुन्हा पुन्हा म्हटले जात होते. मॅनेजरने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ती तमिळच असणार, नाही का? मी उत्तर दिले नाही.

२५ ते २८ मे

शनिवारी बँक उघडली. शनिवारची अर्धीच वेळ, आणि रांग इतकी की आमचे धनादेश वटले तेव्हा शटर अर्धे खाली आले होते. लॉजचे बिल चुकते केले. मॅनेजरने दोन दिवसांचे जेवण लावले नव्हते, ते नानांनी हिशेब करून जबरदस्तीने दिले. निघताना पाहिले तर भिंत स्वच्छ पांढरी झाली होती. नुसता चुना असल्याने हात लावला की हाताला येत होता.

रात्रीच्या गाडीने मद्रासला आलो. शहरभर काळ्या-पांढऱ्या भित्तिपत्रकांनी प्रचाराची रंगीत चित्रे झाकून गेली होती. त्यांना इथे ‘कण्णीर अंजलि’ म्हणतात, अश्रूंची अंजली. पल्लवनच्या बसगाड्यांच्या काचांना जाळ्या बसवल्या होत्या, स्टेशनात बॅगा उघडून पाहत होते, आणि फुलांचा हार घेऊन फलाटावर आलेल्या एका नवविवाहित जोडप्याच्या नातलगांना पोलिसांनी हार बाहेर ठेवायला लावला. परतीच्या गाडीत आमच्या डब्यात मुंबईला कामाला जाणारे बरेच तमिळ होते. सोलापूर मागे पडल्यावर त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला, जरा हळू बोल, असे खुणेने सांगताना मी पाहिला. कुणी काही बोलले नव्हते, डब्यात भांडण नव्हते.

पुण्याला २८ तारखेला सकाळी उतरलो. वहीत प्रवासाचा एकूण खर्च लाल रेघेखाली मांडलेला आहे, अंदाजापेक्षा सहाशे चाळीस रुपये अधिक.

त्यानंतरची एक नोंद

वहीच्या शेवटच्या पानावर ‘६ जून, मुंबई, रेल्वे भाडे, लोकल, चहा’ असा वेगळा खर्च आहे. नाना त्या दिवशी कुणाला न सांगता पहाटेच्या गाडीने मुंबईला गेले आणि धारावीत विचारत विचारत त्या पत्त्यावर पोचले. रात्री परतल्यावर त्यांनी आईला सांगितले ते मी ऐकले. दुकान उघडे होते. मॅनेजरच्या भावाने त्यांना बसवून इडली खाऊ घातली आणि पैसे घेतले नाहीत. मुंबईत कुणी त्याला हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती. गिऱ्हाइके बरीचशी मराठीच होती आणि रोजची होती. दुकानाची तमिळ अक्षरांची पाटी मात्र त्याने २२ मेच्या सकाळी स्वतःच उतरवली होती, आणि दोन आठवडे झाले तरी ती आत तांदळाच्या पोत्यांना टेकवून ठेवलेली होती. लावतो, लावतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नानांनी तंजावरला इंग्रजीत कार्ड लिहिले. भाऊ सुखरूप आहे, दुकान चालू आहे, काळजी नसावी, अशा तीनच ओळी होत्या. कार्ड पेटीत टाकायला माझ्याकडे दिले, म्हणून मला ठाऊक की पाटीचे त्यांनी लिहिले नव्हते.